अर्धे तिकीट मिळाले, मुक्कामी गाडी गेली

संध्याकाळी साडेसातला तालुक्याच्या स्टँडवरून सुटलेली शेवटची गाडी गावात येऊन थांबते. चालक-वाहक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नाहीतर गाडीतल्याच बाकावर अंथरूण टाकतात. कुणाच्या तरी घरून भाकरी आणि कालवण येते. पहाटे सहाला तीच गाडी गाव जागे करत परत निघते. हिला मुक्कामी गाडी म्हणतात. माझ्या आजोळी तिच्या हॉर्नवर घरे उठायची. दहावीच्या तासाला निघालेल्या मुली, सरकारी दवाखान्यात दाखवायला चाललेली म्हातारी, कोर्टात तारीख असलेला शेतकरी, कोथिंबिरीच्या जुड्या फडक्यात बांधून बाजाराला निघालेली बाई, सगळे त्या एका गाडीत असत. ती चुकली तर दिवस चुकला. दुसरी गाडी दुपारी, आणि दुपारी पोचून ना शाळा मिळते ना डॉक्टर.

कोरोनाच्या साथीनंतर अनेक गावांत ही गाडी परत आलीच नाही. त्याचा कुठे गाजावाजा झाला नाही, कुणी मोर्चा काढला नाही. एसटी सावरली का, असे विचारले की आपल्याला प्रवाशांचे आकडे सांगितले जातात. ते आकडे खरे आहेत आणि बऱ्यापैकी आशादायकही आहेत. पण एसटी सावरली की नाही हे गावात येणाऱ्या फेऱ्यांवरून ठरवायला हवे, आणि सरकारने पैसेही त्या फेऱ्यांसाठी द्यायला हवेत, एवढे माझे म्हणणे आहे. आज सरकारचा पैसा तिकिटाच्या मागे जातो. फेरीच्या मागे कुणीच उभे नाही.

आधी थोडे मागे जाऊ. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी पहिली गाडी धावली. त्यानंतरच्या सात दशकांत एसटीने एवढे बाळसे धरले की साथीपूर्वी तिच्याकडे 18 हजारांच्या आसपास गाड्या होत्या आणि रोज 65 लाखांच्या घरात माणसे तिच्यातून जात होती. मार्च 2020 मध्ये हे सगळे एका रात्रीत थांबले. तरीही टाळेबंदीत ज्या कामाला दुसरे कोणी नव्हते ते एसटीनेच केले. राजस्थानातल्या कोट्यात अडकलेली आपली मुले आणायला धुळ्याहून 70 गाड्या गेल्या. पायी निघालेल्या परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवले ते एसटीने. मुंबईत लोकल बंद असताना बेस्टच्या मदतीला दूरदूरच्या आगारांतले चालक-वाहक आले, जेमतेम सोयीच्या जागी राहिले, आणि परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांना कामावर नेत राहिले. त्यांतले अनेक जण आजारी पडले. काही घरी परतले नाहीत.

गाड्या चालत नव्हत्या तेव्हा उत्पन्नही नव्हते, आणि एसटीचे पगार रोजच्या उत्पन्नातून होतात. त्यामुळे 2020 च्या दिवाळीच्या तोंडावर दोन-तीन महिन्यांचे पगार थकले. काही कर्मचाऱ्यांनी जीव दिला. त्यानंतर राज्य सरकारने एक हजार कोटी रुपये जाहीर केले. पैसे आले, पगार झाले, पण पुढच्या वर्षी परत तेच. ऑक्टोबर 2021 च्या शेवटी संप सुरू झाला तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. मूळ मागणी होती राज्य शासनात विलीनीकरणाची. मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ मिळाली, विलीनीकरण नाकारले गेले, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी 22 एप्रिलपर्यंत कामावर परतले. तो संप बरोबर होता की चूक, यात मी पडत नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या साडेपाच महिन्यांत खासगी वाहनांना एसटी स्टँडवरून प्रवासी भरायची परवानगी दिली गेली आणि लोकांनी जगण्याची दुसरी व्यवस्था करून टाकली. ज्याला जमले त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली. ज्याला नाही त्याने वडापमध्ये, म्हणजे माणसे कोंबून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये, मागच्या फळीवर जागा धरली. मुलीचे कॉलेज बंद झाले तर तेही लोकांनी निमूट सोसले. दोन वर्षांत साथ आणि संप असे दोन घाव लागोपाठ बसलेली सार्वजनिक वाहतूक भारतात दुसरीकडे फारशी सापडणार नाही.

आता सावरण्याच्या बाजूने. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास मिळाला. 17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. यांचे पैसे राज्य सरकार प्रतिपूर्ती म्हणून महामंडळाला देते. या दोन निर्णयांनी, विशेषतः दुसऱ्याने, एसटीत माणसे परत आणली यात मला शंका नाही. स्टँडवर जाऊन कोणत्याही दुपारी उभे राहावे आणि गाडीत चढणाऱ्यांत बायका किती ते पाहावे. माहेर, दवाखाना, देवदर्शन, बाजार, मुलीच्या हॉस्टेलची फेरी, हे सगळे पूर्वी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून मागे पडायचे. भाडे निम्मे झाल्यावर ते जवळ आले. सवलतींना 'रेवडी' म्हणून हिणवणाऱ्यांशी माझे पटत नाही. बाईला घराबाहेर पडायला मिळणे ही काही किरकोळ गोष्ट नाही.

पण प्रवासी वाढत असताना गाड्या कमी होत होत्या. साथीच्या वर्षांत नव्या गाड्यांची खरेदी जवळजवळ थांबली, जुन्या भंगारात जात राहिल्या, आणि 18 हजारांचा ताफा 15 हजारांच्या आसपास येऊन ठेपला. कमी गाड्यांत जवळपास तेवढीच माणसे नेली की भारमान, म्हणजे भरलेल्या बाकांचे प्रमाण, वाढते, कागदावर कारभार सुधारल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात काय घडते ते आगारात बसल्यावर समजते.

सकाळी आगारात 60 शेड्यूल, म्हणजे एकेका गाडीच्या दिवसभराच्या ठरलेल्या फेऱ्या, लावायची आहेत आणि रस्त्यावर जाऊ शकतील अशा गाड्या 51 आहेत असे धरू. बाकीच्या कुठे इंजिनकामाला, कुठे टायरसाठी, कुठे सुट्या भागाची वाट पाहत उभ्या. आता नऊ शेड्यूल सोडावी लागणार. आगारप्रमुखाला वरून उत्पन्नाचे लक्ष्य आहे. तो पुण्याची, मुंबईची, संभाजीनगरची गाडी सोडणार नाही, कारण ती भरून जाते आणि दर किलोमीटरला चांगला पैसा देते. बंद होते ती खेड्याची गाडी, जिच्यात जाताना वीस माणसे आणि येताना सहा. त्यातही पहिली मुक्कामी, कारण तिच्यात दोन माणसे आणि एक गाडी रात्रभर अडकून पडते. नोंदवहीत लिहिले जाते, 'गाडीअभावी रद्द'. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने तिकडचे लोक स्टँडवर यायचे बंद होतात, कारण कोण रोज उभे राहून परत जाईल? महिन्याने ती फेरी सुरू करून पाहिली तर आत चार माणसे. मग 'प्रतिसाद नाही' असा शेरा पडतो आणि फेरी वेळापत्रकातून निघते. हा निर्णय कुणी एकाने घेतलेला नसतो. कुठल्या बैठकीत ठराव नाही, कुठल्या आदेशावर सही नाही. म्हणून त्याचा जाब विचारायलाही कुणी सापडत नाही.

आगारप्रमुख वाईट माणूस आहे म्हणून हे होत नाही. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केले असते. त्याच्याकडे येणारा प्रत्येक रुपया तिकिटातून येतो, मग ते तिकीट प्रवाशाने काढलेले असो की सरकारने भरपाई केलेले. जिथे आधीच माणसे आहेत तिथे गाडी नेली की दोन्ही प्रकारचा पैसा मिळतो. जिथे माणसे थोडी आहेत तिथे दोन्ही मिळत नाहीत. अर्ध्या तिकिटाची योजना ही अशी नकळत लांब पल्ल्याच्या, भरून जाणाऱ्या गाड्यांकडे झुकते. तिचा हेतू तसा नव्हता, पण पैशाचा ओघ उताराकडेच जाणार. ज्या गावात गाडीच येत नाही त्या गावातल्या बाईला मिळालेली सवलत शून्य रुपयांची आहे.

एसटी ज्या कायद्याखाली चालते त्या 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमात ही ओढाताण मुळातच आहे. त्याचे कलम 18 महामंडळावर पुरेशी, कार्यक्षम, परवडणारी आणि सुसूत्र सेवा देण्याचे कर्तव्य टाकते. कलम 22 म्हणते, कारभार व्यापारी तत्त्वावर चालवा. दोन्ही वाक्ये समंजस आहेत. पण पन्नास घरांच्या वस्तीला पहाटे गाडी द्या आणि त्यात तोटाही करू नका, हे एकाच संस्थेला सांगायचे असेल तर मधला फरक कुणीतरी भरून काढला पाहिजे. पूर्वी तो फरक महामंडळ स्वतःच भरत असे, लांब पल्ल्याच्या मार्गांवरच्या कमाईतून. आता त्या मार्गांवर खासगी लक्झरी गाड्या आहेत, ॲपवर आरक्षण आहे, रेल्वे आहे. मलई दुसरे घेऊन गेले आणि ताकाची जबाबदारी एसटीकडे राहिली.

साथीच्या काळात इतर देशांनी काय केले, याचा थोडा विचार आपल्याला उपयोगी पडेल. अमेरिकेने मार्च 2020 पासून वर्षभरात तीन कायद्यांमधून सार्वजनिक वाहतुकीसाठी जवळपास 70 अब्ज डॉलर दिले. ही रक्कम मुख्यतः चालू खर्चासाठी होती. चालकांना घरी पाठवायचे नाही आणि गाड्या रिकाम्या का होईना चालू ठेवायच्या, असा विचार त्यामागे होता. ते शहाणपणाचे होते. पण मदत एकदाची होती. ती संपल्यावर एकेका शहराच्या वाहतूक संस्थेपुढे खड्डा उभा राहिला. फिलाडेल्फियात ऑगस्ट 2025 मध्ये फेऱ्या कापाव्या लागल्या आणि मग नव्या गाड्या, दुरुस्ती यांसाठी राखून ठेवलेला पैसा चालू खर्चाकडे वळवून त्या परत सुरू केल्या. पेरणीचे बियाणे दळून खायचे, तसा हा प्रकार. जर्मनीने 2022 च्या उन्हाळ्यात तीन महिने देशभर नऊ युरोत महिन्याचा पास दिला. पाच कोटींहून अधिक पास खपले, आणि गाड्यांत उभे राहायला जागा उरली नाही. पण त्या देशाकडे एक गोष्ट आधीपासून होती. 1990 च्या दशकातल्या कायद्याने केंद्र सरकार दरवर्षी प्रांतांना ठरलेली रक्कम देते, त्यातून प्रांत प्रादेशिक रेल्वेच्या फेऱ्या विकत घेतात. साथीत ती रक्कम वाढवली गेली, नवी व्यवस्था शोधत बसावे लागले नाही. एकरकमी मदत जीव वाचवते, दरवर्षीचा ठरलेला पैसा सेवा वाचवतो, असा या दोन अनुभवांचा अर्थ मी लावतो. आपल्याकडे एसटीला एकरकमीच मिळत आली आहे, तीही मागून मागून.

आपल्या केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात शहरी बससेवेसाठी 18 हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. ऑगस्ट 2023 मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर झाली, दहा हजार विजेवरच्या गाड्यांची. पण ती शहरांसाठी आहे, आणि शहर म्हणजे मुख्यतः तीन लाखांच्या वरचे. गडहिंग्लज, औंढा, जव्हार यांना तिच्यात जागा नाही. साथीनंतर बससाठी आलेला केंद्राचा मोठा पैसा खेड्याच्या गाडीला शिवलाही नाही. वरच्या 1950 च्या कायद्यात तर राज्यांच्या मार्ग परिवहन महामंडळांना भांडवल देण्याची मुभा केंद्रालाही आहे. ते कलम आज झोपले आहे.

मग करायचे काय? माझ्या मते राज्याने प्रत्येक गावासाठी किमान सेवा कायद्याने ठरवावी. लोकसंख्येनुसार दिवसाला दोन किंवा तीन फेऱ्या, त्यांतली एक शाळेच्या वेळेला बांधलेली, आणि ठरावीक अंतरापलीकडच्या गावांना मुक्कामी. या फेऱ्यांचा दर किलोमीटर खर्च आणि त्यांतून मिळणारे उत्पन्न यांतला फरक सरकारने दर तिमाहीला आगाऊ द्यावा. फेरी झाली तर पैसे, झाली नाही तर कपात. गाडी खरोखर गावात गेली का, हे आता लपत नाही. गाड्यांना मागोवा घेणारी यंत्रणा आहे, वाहकाच्या हातात तिकीट यंत्र आहे.

हे किती रुपयांचे काम आहे? हिशेबाची रीत दाखवण्यासाठी काही आकडे मी स्वतः धरतो. गाव तालुक्यापासून 25 किलोमीटर, मुक्कामी फेरीचे जाऊन-येऊन 50 किलोमीटर, आणि दर किलोमीटरला 25 रुपये तूट. दिवसाला 1,250 रुपये, वर्षाला साधारण साडेचार लाख. अशी पाच हजार गावे धरली तरी सव्वादोनशे कोटींच्या आसपास. खरा आकडा दुप्पट निघाला तरी तो आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पात शोधून काढावा लागेल इतका लहान आहे. आणि मुख्य म्हणजे या पद्धतीत आगारप्रमुखाच्या मनातले गणित उलटते. सकाळी नऊ गाड्या कमी पडल्या तर खेड्याची फेरी सोडणे त्याला परवडत नाही, कारण तिचेही पैसे ठरलेले आहेत.

याचा नमुना परदेशातून आणायची गरज नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 मागास तालुक्यांमध्ये मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी निळ्या गाड्या सुरू झाल्या. गाड्या घ्यायला राज्याने पैसे दिले, चालवायलाही दिले, आणि चालवल्या एसटीने. गाडी मुलींच्या शाळेच्या वेळेला धावते, भारमानाच्या मागे नाही. ज्यांनी मराठवाड्यात, विदर्भात या गाड्या सकाळच्या फाट्यावर भरताना पाहिल्या आहेत त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. हीच रीत सगळ्या राज्याला का लागू नाही? पुण्यातही याचे एक रूप आहे. पीएमपीची, म्हणजे तिथल्या शहर बससेवेची, संचालन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी 60 आणि 40 टक्के अशी वाटून घ्यायची, हे ठरलेले आहे. त्यावर कुरकुर होते, पैसे मागे-पुढे होतात, पण तुटीचा बाप कोण हा वाद होत नाही. खेड्याच्या गाडीच्या तुटीला आज बाप नाही.

दुसरी गोष्ट प्रवासी कराची. एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे, आणि तो 1958 च्या कायद्यापासून चालत आला आहे. म्हणजे प्रवाशाने दिलेल्या पैशांतला हिस्सा महामंडळ सरकारजमा करते, आणि सरकार सवलतीची प्रतिपूर्ती महामंडळाला देते. दोन्हीकडे रकमा थकतात, मग एकमेकांत वळत्या होतात, आणि दरवर्षी थकबाकीवरून पत्रापत्री. देशातल्या इतर राज्यांशी तुलना केली तर हा दर जड आहे. पूर्ण माफ करणे जमत नसेल तर तो कर एसटीकडेच एका वेगळ्या खात्यात राहू द्यावा आणि त्यातून फक्त नव्या गाड्या घ्याव्यात. पगाराला नाही, डिझेलला नाही, फक्त गाड्यांना. प्रवाशाच्या खिशातून निघालेला कर त्याच्याच बुडाखालच्या बाकासाठी वापरला जाईल.

कारण गाड्यांचा हिशेब निष्ठुर असतो. एक गाडी बारा वर्षे चालते असे धरले तर 15 हजारांचा ताफा नुसता आहे तेवढा ठेवायला दरवर्षी 1,250 नव्या गाड्या लागतात. त्यात एक वर्ष चुकले की पुढच्या वर्षी अडीच हजार. आपण साथीची आणि संपाची सलग वर्षे चुकलो. 2024 मध्ये दोन हजारांवर नव्या गाड्यांची मागणी नोंदवली गेली, पुढे दरवर्षी पाच हजार याप्रमाणे पाच वर्षांत 25 हजार गाड्या घेण्याची घोषणा झाली. ते झाले तर मला मनापासून आनंद होईल. पण घोषणा या मंत्र्यांच्या असतात, मंत्री बदलतात. कायद्याने राखून ठेवलेले खाते मंत्र्याबरोबर जात नाही.

गाड्या भाड्याने घ्या, खरेदीची कटकटच नको, असा सल्लाही दिला जातो. पाच हजारांहून जास्त विजेवरच्या गाड्या भाडेकराराने घेण्याचे एसटीनेही ठरवले होते, त्या ठरलेल्या वेगाने आल्या नाहीत. या वाटेवर मुंबईची बेस्ट पुढे जाऊन आली आहे. जुलै 2019 मध्ये तिने किमान भाडे पाच रुपयांवर आणले आणि प्रवासी भराभर वाढले. त्या निर्णयाचे मला कौतुक आहे. पण त्याच काळात स्वतःच्या गाड्या घेणे थांबले आणि ताफा कंत्राटदारांच्या गाड्यांवर उभा राहिला. काहींनी मध्येच काम सोडले. ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला तेव्हा शेकडो गाड्या आगारांत उभ्या राहिल्या. मे 2025 मध्ये किमान भाडे दुप्पट होऊन दहा रुपये झाले. स्वस्त तिकीट टिकवायचे असेल तर त्यामागे स्वतःच्या गाड्या आणि खात्रीचा पैसा लागतो. बेस्टकडे शेवटी दोन्ही उरले नाहीत. काही गाड्या भाड्याने असायला माझी हरकत नाही. अर्ध्याहून अधिक ताफा मात्र महामंडळाच्या मालकीचाच असला पाहिजे, नाहीतर कंत्राटदार गेला त्या दिवशी गावही तुटते.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की आधी गळती थांबवा, मग पैसे मागा. गळती आहे, मीही नाकारत नाही. सुट्या भागांच्या खरेदीत, डिझेलमध्ये, जागांच्या करारांमध्ये काय काय होते ते कर्मचारीच खासगीत सांगतात. ते थांबलेच पाहिजे. पण गळणाऱ्या टाकीत पाणी सोडणे बंद केले तर टाकी दुरुस्त होत नाही, घर तहानेने मरते. शिवाय वर म्हटलेली पद्धत, फेरीमागे पैसे आणि फेरी न झाल्यास कपात, ही आजच्या प्रतिपूर्तीपेक्षा तपासायला कितीतरी सोपी आहे. गावातला शाळकरी मुलगाही सांगू शकतो, आज गाडी आली होती की नाही.

जून 2025 मध्ये एसटीची श्वेतपत्रिका निघाली. संचित तोटा 10,322 कोटी रुपये. हा आकडा वाचून अनेकांनी हात टेकले. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाला, 701 किलोमीटरच्या एका रस्त्याला, सुमारे 55 हजार कोटी लागले. एसटीचा साठत आलेला सगळा तोटा त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी भरतो. समृद्धीवर टोल आहे, त्यातून पैसे परत येतील, हे मान्य. मला त्या रस्त्याबद्दल तक्रारही नाही. पण रस्ता बांधताना त्याला आपण गुंतवणूक म्हणतो, आणि त्याच राज्यातल्या माणसाला शाळेत, दवाखान्यात नेणाऱ्या गाडीला तोटा म्हणतो, हा फरक आपण शब्दांनी केला आहे.

आता खेड्यात घरोघरी दुचाकी आहे, एसटी हवी कुणाला, असेही म्हणतात. घरोघरी दुचाकी आहे हे खरे. ती घरातला एक पुरुष चालवतो. सासू, सून, मुलगी, आजारी माणूस मागे बसतात किंवा घरी बसतात. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार माणसे गेली, त्यांत 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. रात्री अंधारात, पावसात, ऊसाच्या ट्रॉलीला मागून धडकून गेलेली तरणी मुले प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. गाडी बंद पडली म्हणून ही दुचाकी रस्त्यावर आली, हे आपण अपघाताच्या आकड्यांत कुठेच लिहीत नाही.

चालक-वाहकांचे राहिले. मुक्कामी गाडी परत आणायची तर मुक्काम करणाऱ्या माणसाचाही विचार हवा. गावात झोपायला कोरडी खोली, एक संडास, पिण्याचे पाणी, रात्रीचा धड भत्ता. वाहकांत आता स्त्रियाही आहेत, त्यांना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झोपा असे कसे सांगणार? हे ग्रामपंचायतींना करता येण्यासारखे आहे. वित्त आयोगाच्या निधीतून पेव्हिंग ब्लॉक बसवणाऱ्या गावाला दहा बाय बाराची खोली जड नाही. पूर्वी भाकरी घरोघरून यायची, तेव्हा गावाला गाडी आपली वाटत होती.

शेवटी एक मागणी, जिला पैसा लागत नाही. राज्यातल्या अडीचशेच्या आसपास आगारांपैकी प्रत्येकाने स्टँडवर एक फलक लावावा. डावीकडे मार्च 2020 च्या वेळापत्रकातल्या फेऱ्या, गाववार. उजवीकडे आज प्रत्यक्ष धावणाऱ्या. ज्या बंद आहेत त्यांच्यापुढे कधीपासून आणि का. वेळापत्रके आगारांत आहेत, कपाटे उघडायची आहेत. हा फलक लागला की प्रत्येक गावाच्या ग्रामसभेला ठराव करता येईल, आपली सहाची गाडी कोणत्या तारखेला गेली आणि कोणत्या तारखेला हवी. ते ठराव आगारप्रमुखाकडे पाठवून उपयोग नाही, त्याच्याकडे गाडी नाही. जिल्हा नियोजन समितीकडे आणि आमदाराकडे पाठवावेत, मार्चमधल्या अर्थसंकल्पाच्या आधी.